मोटारीतील उबेचा इतिहास: शेगडी, विषारी धूर आणि दोन नळ्या

१/
२८ नोव्हेंबर १८९३. शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांना अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५०९४१५ क्रमांकाचे पेटंट दिले. शोधाचे नाव होते ‘कार-हीटर’. मोटारीत ऊब आणणारी पहिली व्यक्ती म्हणून आज अक्षरशः शेकडो ठिकाणी त्यांचे नाव सांगितले जाते. इंजिनावरून तापलेली हवा त्यांनी आत वळवली, असे वर्णनही त्यासोबत येते. कथा सुंदर आहे. अडचण एका शब्दाची आहे.

२/
१८९३ च्या अमेरिकेत ‘कार’ म्हणजे रुळांवरून धावणारा डबा. ड्युरिया बंधूंची पेट्रोलवर चालणारी गाडी स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर प्रथम धावली, ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे हे पेटंट मिळण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. जे वाहन जवळपास अस्तित्वातच नव्हते, त्याच्या हिवाळ्याची चिंता कोणी कशाला करील? विल्कॉक्स यांचा शोध रेल्वेच्या डब्यासाठी होता. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि शंभर वर्षांनी त्यांच्या पदरात भलतेच श्रेय पडले. त्यांचे खरे श्रेय याने कमी होत नाही, कारण डब्यातील ऊब हा त्या काळी जीवनमरणाचा प्रश्न होता.

३/
२९ डिसेंबर १८७६ च्या रात्री ओहायोतील अ‍ॅश्टाब्युला नदीवरचा लोखंडी पूल कोसळला. बाहेर हिमवादळ होते आणि डब्यांत कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या होत्या. कित्येक प्रवासी पडण्याच्या आघातातून वाचलेही असते; पण उलटलेल्या शेगड्यांनी आणि दिव्यांनी लाकडी डबे पेटवले. सुमारे ९० माणसे गेली. त्याआधी १८६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अँगोला येथेही हेच घडले होते. ऊब देणारी वस्तूच चिता ठरत होती.

४/
रेल्वेने यातून काढलेला मार्ग पुढच्या सगळ्या कथेची किल्ली आहे. शेगडी डब्यातून हद्दपार झाली आणि इंजिनाच्या बाष्पकातील वाफ नळ्यांतून डब्याडब्यात फिरवली गेली. आग एका जागी, ऊब दुसऱ्या जागी, आणि मधे फक्त नळी. मोटारीला हाच धडा स्वतंत्रपणे, पुन्हा एकदा आणि पुन्हा माणसांच्या जिवावर गिरवावा लागला.

५/
पहिल्या मोटारी उघड्या होत्या. हिवाळ्यात गाडी काढायची म्हणजे अंगावर जाड घोंगडी, हातांत लोकरी मोजे आणि पायांशी चुलीत तापवलेली वीट किंवा शंखजिऱ्याचा दगड. थोडे पैसे असतील तर ‘क्लार्क हीटर’. ही पत्र्याची गालिचा लावलेली चपटी पेटी. तिच्या खणात दाबलेल्या कोळशाची वडी धुमसत असे. घोडागाडीसाठी बनलेली ही पेटी तशीच्या तशी मोटारीत आली. गाडी उघडी असल्याने धूर वाऱ्यावर जाई, आणि गंमत म्हणजे ऊबही.

६/
१९१९ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या दर दहा मोटारींपैकी नऊ उघड्या असत. हडसन कंपनीने १९२२ मध्ये ‘एसेक्स कोच’ ही स्वस्त बंदिस्त गाडी आणली, इतरांनी तिचा पाठलाग केला, आणि दशक संपता संपता प्रमाण नेमके उलटे झाले. छप्पर आले, काचा आल्या. आता आत आणलेली ऊब टिकणार होती. पण उबेबरोबर जे काही आत येईल, तेही टिकणार होते.

७/
ऊब आणायची कुठून? उत्तर समोरच होते. पेट्रोल इंजिन इंधनातील उष्णतेचा जेमतेम पाव ते एक-तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचवते. उरलेली उष्णता सायलेन्सरच्या वाटेने आणि रेडिएटरच्या वाटेने वाऱ्यावर जाते. हिवाळ्यात कुडकुडणारा चालक प्रत्यक्षात एका धगधगत्या भट्टीच्या मागे बसलेला असतो. त्यातला थोडासा वाटा मागून घ्यायचा, एवढाच प्रश्न. सर्वांत सोपी वाट धुराड्याची होती आणि ती सर्वांत घातकही होती.

८/
काही रचनांत इंजिनाचा जळका वायू थेट पायांखालच्या नळीतून फिरवत. फोर्डच्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्यांसाठी मिळणाऱ्या साध्या हीटरात धुराच्या तापलेल्या बीडाच्या मॅनिफोल्डभोवती पत्र्याचे आवरण बसवत आणि त्या फटीतून तापलेली हवा आत सोडत. इंजिन सुरू होताच मिनिटाभरात ऊब. पंप नको, पाणी नको. फक्त त्या बीडाला तडा जाता कामा नये आणि त्याच्या जोडातील गॅसकेट फाटता कामा नये. बीड तर रोज तापते, रोज निवते; कधी ना कधी ते तडकतेच.

९/
तडा गेला की हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळतो. रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. रक्त वाहत राहते, पण प्राणवायू वाहून नेत नाही. आधी कपाळ जड होते, मग मळमळ, मग गुंगी. चालकाला वाटते की प्रवासाचा थकवा आहे. थंडी वाजते म्हणून तो काच आणखी वर चढवतो.

१०/
नेमक्या याच वर्षांत या वायूचा अभ्यास चालू होता. न्यूयॉर्कहून हडसन नदीखालून मोटारींसाठी बोगदा काढायचा होता. शेकडो गाड्यांच्या धुरात माणूस किती वेळ तग धरील, हे कोणालाच ठाऊक नव्हते. येल विद्यापीठातील यँडेल हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद खोलीत स्वतःवर आणि स्वयंसेवकांवर प्रयोग केले. दहा हजार भागांत चार भाग, एवढे प्रमाण तासाभरासाठी सोसवते, असा निष्कर्ष निघाला आणि त्यावर हॉलंड बोगद्याचे प्रचंड पंखे ठरवले गेले. बोगदा १९२७ मध्ये खुला झाला. बोगद्याच्या हवेचे मोजमाप झाले. गाडीच्या आतल्या हवेचे मात्र कोणी करत नव्हते.

११/
त्या काळच्या मेकॅनिकला निदानासाठी तीनच साधने होती, नाक, डोळे आणि कान. कार्बन मोनॉक्साइडला वास नसला तरी त्याच्यासोबत येणाऱ्या अर्धवट जळलेल्या इंधनाला असतो. म्हणून हीटर उघडताच धुराचा वास आला तर तो उपकार समजावा. दुसरी खूण काजळीची: गॅसकेट फुंकते तिथे बीडावर काळा पिसारा उमटतो. तिसरी खूण आवाजाची: थंड इंजिन सुरू करताच टिक-टिक, आणि बीड तापून फुगले की तडा मिटून आवाज बंद. ही शेवटची खूण फसवी. आवाज गेला म्हणजे दोष गेला, असे मानून गाडी परत देणारे त्या काळीही असणारच.

१२/
दुसरी वाट पाण्याची. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनियापोलिसची ‘ट्रॉपिक-एअर’ आणि इंडियानातील नोब्लिट-स्पार्क्स कंपनीचे ‘आर्विन’ असे गरम पाण्याचे हीटर बाजारात आले. इंजिन थंड ठेवणारे पाणी रेडिएटरकडे जाण्याआधी त्यातला थोडा प्रवाह दोन रबरी नळ्यांनी आत आणायचा, डॅशबोर्डखाली टांगलेल्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचा आणि मागे विजेचा पंखा लावायचा. धूर आणि माणूस यांच्यामध्ये आता पाण्याची भिंत उभी राहिली. नळी फुटली तर पाय ओले होतील, पण झोपेत जीव जाणार नाही. रेल्वेने डब्यात केले तेच इथे झाले.

१३/
तरीही ही वाट चटकन रुळली नाही. त्याचे कारण हीटरमध्ये नव्हते, पाण्यात होते. हिवाळ्यात रेडिएटरचे पाणी गोठून इंजिनाचा ठोकळा फुटू नये म्हणून लोक त्यात अल्कोहोल घालत. मिथेनॉल साधारण ६५ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे इंजिन फार तापू देणे परवडत नसे. ते तापले की अल्कोहोल वाफ होऊन उडून जाई आणि पुढच्या गारठ्यात पाणी गोठे. इंजिन कोमट तर हीटरही कोमट. मालक हीटर बनवणाऱ्याला बोल लावी, पण दोष रसायनाचा होता.

१४/
उत्तर सत्तर वर्षे प्रयोगशाळेत पडून होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदोल्फ वुर्ट्झ यांनी १८५० च्या दशकात एथिलीन ग्लायकॉल तयार केले होते. उकळबिंदू १९७ अंश; पाण्यात निम्मेनिम्मे मिसळले तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही. १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने ते अमेरिकेत विक्रीला आले. महाग होते, आणि पाणी जिथून झिरपणार नाही अशा बारीक फटींतूनही ते वाट काढी. पण आता इंजिन ८० अंशांच्या वर निर्धास्त चालवता येऊ लागले आणि हीटरमधून प्रथमच खरी धग आली. गाडीतील उबेच्या इतिहासात वुर्ट्झ यांचे नाव क्वचितच घेतले जाते. विल्कॉक्स यांच्याऐवजी ते घेतले असते तर सत्याला अधिक धरून झाले असते.

१५/
त्याच सुमारास थर्मोस्टॅटही बदलला. इंजिन पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणारी ही झडप. जुन्या प्रकारात पितळी भाता असे. त्यातला द्रव तापून भाता फुगला की झडप उघडे. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाचा थर्मोस्टॅट विकसित केला. तांब्याच्या कुपीत मेण. ते वितळताना फुगते आणि एक दांडी बाहेर ढकलते. दाबाखाली चालणाऱ्या पुढच्या काळातील रेडिएटरांना हाच मानवला. आजही बहुतेक गाड्यांत तोच आहे.

१६/
निदानाच्या दृष्टीने या बदलाला मोठे महत्त्व आहे. भात्याला छिद्र पडले तर तो फुगलेलाच राहतो आणि झडप उघडी राहते: हीटर थंड, इंजिन सुखरूप. मेणाच्या कुपीतून मेण गळाले तर स्प्रिंग झडप मिटून टाकते: इंजिन उकळते. आणि झडपेत गंज किंवा कचरा अडकून ती उघडी राहिली तर पुन्हा हीटर थंड. थर्मोस्टॅट तपासण्याची रीत मात्र तेव्हापासून बदललेली नाही. तो काढायचा, पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगायचा, शेजारी तापमापी धरायची आणि पाणी तापवायचे. ८२ किंवा ८८, जो आकडा त्यावर कोरलेला असेल, त्याच्या आसपास झडप हलली पाहिजे. अर्थात ते पातेले पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

१७/
१९३८ च्या मॉडेलात नॅश कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. ही कंपनी नुकतीच रेफ्रिजरेटर बनवणाऱ्या केल्व्हिनेटरशी एकत्र आली होती. तोवरचे हीटर आतलीच हवा घोळवत. माणसांच्या श्वासाने काचा धुरकट होत. नॅशने बाहेरची हवा गाळून, हीटरवरून तापवून आत आणली. आत किंचित जास्त दाब राहिल्याने फटींतून येणारे गार झोतही थांबले. पुढच्या वर्षी त्याला आपोआप नियंत्रण जोडून ‘वेदर आय’ हे नाव दिले गेले. आज डॅशबोर्डवर ‘ताजी हवा’ आणि ‘आतली हवा’ असे जे बटण दिसते, त्याचे हे कूळ.

१८/
तिसरी वाट स्वतंत्र ज्योतीची. शिकागोच्या स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीचा ‘साउथ विंड’ हीटर गाडीच्याच पेट्रोलचा छोटा अंश एका बंद कोठडीत जाळी. ऊब क्षणात येई, इंजिन तापण्याची वाट नको. दुसऱ्या महायुद्धात असे हीटर विमानांतही गेले. पण पायांशी पेट्रोलची ज्योत ही कल्पना मोटारमालकांच्या पचनी फार काळ पडली नाही.

१९/
पाण्याची वाट जिंकली, असे वाटत असतानाच पाणीच नसलेली इंजिने आली. फोक्सवॅगन बीटल आणि शेव्हरोले कोर्व्हेअर, दोन्ही गाड्यांची इंजिने मागे आणि हवेने थंड होणारी. पाणी नाही म्हणजे पाण्याची भिंतही नाही. ऊब आणायची तर ती पुन्हा तापलेल्या धातूवरून वाहणाऱ्या हवेतून. मॉडेल ए चे जुने भूत परत आले.

२०/
बीटलमध्ये आरंभी सिलिंडरांवरून आलेलीच हवा आत जाई आणि तिच्यासोबत तेलाचा वासही. १९६३ च्या मॉडेलपासून रचना बदलली: पंख्याची ताजी हवा धुराच्या नळीभोवतीच्या बंद पेटीतून जाऊ लागली, सिलिंडरांशी तिचा संबंध उरला नाही. तिथून ती दरवाजांखालच्या पोकळ तुळयांतून पुढे काचेपर्यंत येई. या तुळया गाडीच्या सांगाड्याचाही भाग होत्या. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या गंजल्या की ऊब वाटेतच गळे आणि गाडीची ताकदही. त्यामुळे बीटलचा थंड हीटर दुरुस्त करणे म्हणजे कधी गंजलेल्या केबलला तेल देणे, तर कधी गाडीची अर्धी कूस कापून नवा पत्रा जोडणे. काम दहा मिनिटांचे की दहा दिवसांचे, हे गाडीखाली आडवे झाल्याशिवाय कळत नसे.

२१/
कोर्व्हेअरची कथा अधिक गंभीर. १९६० मध्ये तिला पेट्रोल जाळणारा हीटर मिळत असे. १९६१ पासून सिलिंडरांवरून तापलेली हवा थेट आत घेण्याची रचना आली. सिलिंडरांच्या जोडातील गॅसकेट फुंकले तर जळका वायू त्याच हवेत मिसळणार, हे उघड होते. शिवाय पुशरॉडच्या नळ्यांवरची रबरी कडी उष्णतेने कडक होऊन तडकत. तेल गरम धातूवर ठिबके आणि आत जळक्या तेलाचा वास येई.

२२/
राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाने कोर्व्हेअर जगभर बदनाम झाली, पण ती वळणावर घसरते या आरोपावरून. १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांनी तिच्या स्थैर्याला समकालीन गाड्यांच्या तुलनेत दोष दिला नाही. हीटरची बाब मात्र खरी निघाली. १९७१ मध्ये काही लाख कोर्व्हेअर मालकांना आत विषारी वायू शिरू शकतो, असा इशारा देणारी पत्रे गेली. ज्या दोषावर देशभर वाद झाला तो तितकासा सिद्ध झाला नाही. ज्याच्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही, तो डॅशबोर्डच्या झरोक्यातून येत होता. आज या गाड्या जपणारे हौशी लोक त्या रबरी कड्यांच्या जागी उष्णता सोसणारी व्हायटनची कडी घालतात आणि गॅसकेटचे जोड नव्याने बसवतात.

२३/
हीटर ही चैन उरली नाही, ती काचेमुळे. धुक्याने किंवा बर्फाने झाकलेली काच म्हणजे आंधळा चालक. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकांत क्रमांक १०३ चे मानक आले: समोरची काच साफ करणारी यंत्रणा प्रत्येक मोटारीत हवीच. ऊब आता पायांसाठी नव्हे, दृष्टीसाठी कायद्याने सक्तीची झाली. सह्याद्रीच्या घाटात पावसाळ्यात आतून धुरकटलेली काच पुसत गाडी हाकलेल्या कोणालाही या मानकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

२४/
आता पाण्याच्या हीटरचे निदान; गेली नव्वद वर्षे ते मूलतः एकच आहे. इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून दोन रबरी नळ्या आत जातात. इंजिन पुरते तापले, हीटर पूर्ण उघडला की इंजिन बंद करून, पंखा आणि पट्टा थांबल्यावर त्या दोन्ही नळ्यांना सावधपणे हात लावायचा.

२५/
दोन्ही नळ्या गरम आणि आत हवा थंड, तर पाणी आपले काम करत आहे. दोष हवेच्या बाजूला आहे. हवा हीटरवरून वळवणारी झडप अडकली, तिची केबल निसटली किंवा तिला फिरवणारी छोटी मोटर बंद पडली. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. हा स्वस्तातला दोष, पण अनेकांनी त्यापायी अख्खी मोटर बदलली आहे.

२६/
एक नळी गरम आणि दुसरी गार, तर पाणी शिरते पण पार होत नाही: वाटेतली झडप मिटलेली किंवा हीटरचा गाभा तुंबलेला. तुंबतो तो गंजाने, क्षारयुक्त पाण्याने, दोन न जुळणारे कूलंट एकत्र केल्याने, आणि फार वेळा गळती बंद करणाऱ्या त्या चमत्कारी पुडीने. ती गळती आणि हीटरची अरुंद नळी यांत भेद करत नाही. उपाय म्हणजे दोन्ही नळ्या काढून बागेच्या पाइपने, बेताच्या दाबाने, उलट दिशेने पाणी सोडणे. आधी तपकिरी चिखल येतो. पाणी नितळ होईपर्यंत हे चालू ठेवायचे.

२७/
दोन्ही नळ्या गार, तर पाणी पोचतच नाही. पहिला संशय पातळीवर. अनेक गाड्यांत हीटरचा गाभा उंचावर असतो. कूलंट कमी झाले की हवा आधी तिथेच साठते. डॅशबोर्डमागे झऱ्यासारखी खळखळ ऐकू येते, वेगात ऊब येते आणि सिग्नलला थांबले की जाते. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून पातळी भरायची आणि अडकलेली हवा बाहेर काढायची. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, ही ताकीद किती जुनी आहे हे कित्येक जुन्या मेकॅनिकांच्या हातांवरचे डाग सांगतात. पातळी ठीक, आणि हमरस्त्यावर तापमानाचा काटा खाली घसरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे.

२८/
पण हवा काढूनही ती पुन्हा पुन्हा साठत असेल तर प्रश्न वेगळा. ती हवा नसून सिलिंडरातील जळका वायू असू शकतो. हेड गॅसकेट फाटून तो पाण्यात शिरतो. याची रासायनिक चाचणी साधी आहे: रेडिएटरच्या तोंडावरचा वायू निळ्या द्रावातून ओढला आणि द्राव पिवळा पडला, तर त्यात कार्बन डायऑक्साइड आहे. थंड हीटर ही अशा वेळी इंजिनाच्या मोठ्या दुखण्याची पहिली वर्दी असते. ती न ओळखता नुसते पाणी भरत राहणाऱ्याचे इंजिन एके दिवशी घाटात बसते.

२९/
उरला एक दोष, जो गोड वासाने ओळखला जातो. काचेवर पुसली न जाणारी तेलकट साय, पायांखालचा ओला गालिचा आणि गुळचट वास, म्हणजे गाभा फुटला आणि ग्लायकॉल आत येत आहे. ते पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करते. गोड चवीमुळे मुले आणि कुत्री-मांजरे त्याकडे ओढली जातात, म्हणून सांडलेले तसेच ठेवायचे नसते. गाभा स्वतः फार महाग नसतो. पण कित्येक गाड्यांत तो काढण्यासाठी स्टीअरिंगपासून सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कारखान्यात आधी हीटर टांगतात आणि मग त्याभोवती गाडी बांधतात, असा मेकॅनिकांचा जुना विनोद आहे. तातडीचा उपाय म्हणून दोन्ही नळ्या परस्परांना जोडून गाभा वगळतात. थंड देशात हा उपाय पहिल्या हिमवर्षावापर्यंतच टिकतो.

३०/
महाराष्ट्रात हीटर क्वचितच लागतो, पण जाणत्या चालकांना त्याचा एक उलटा उपयोग ठाऊक आहे. भर उन्हाळ्यात घाट चढताना काटा लाल रेषेकडे जाऊ लागला की ते एसी बंद करतात, काचा खाली घेतात आणि हीटर पूर्ण उघडतात. आतला गाभा दुसऱ्या रेडिएटरचे काम करतो. प्रवासी घामाने निथळतात, इंजिन मात्र वाचते. कूलंटच संपले असेल तर या युक्तीचा उपयोग नाही. तेव्हा थांबणे एवढाच इलाज.

३१/
विजेच्या गाड्यांनी ही सगळी मांडणी उलटी केली. विजेची मोटर उष्णता फारशी वाया घालवत नाही, त्यामुळे मागून घ्यायला वाटाच उरत नाही. प्रत्येक अंश ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते आणि हिवाळ्यात गाडीचा पल्ला घटतो. म्हणून उष्मापंप आले, म्हणजे उलटा चालणारा फ्रिज: बाहेरच्या गार हवेतूनच उष्णता उपसून आत टाकणारा. निसान लीफने २०१३ च्या मॉडेलपासून तो काही गाड्यांत दिला, टेस्लाने २०२० मध्ये मॉडेल वाय मध्ये. नॅशने फ्रिजवाल्यांशी केलेली सोयरीक आठवावी, असाच हा प्रकार.

३२/
फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाने अमेरिकेतील २६ हजार ६०० हून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी जाहीर केल्या. उष्मापंपातील एक झडप आज्ञावलीतील चुकीमुळे नको तेव्हा उघडत होती, शीतक भलत्या जागी अडकत होता आणि समोरची काच हवी तितक्या वेळात साफ होत नव्हती. ज्या मानकाचा भंग झाला, ते तेच जुने क्रमांक १०३. दुरुस्ती मालकांच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांत रात्रीतून, बिनतारी मार्गाने पोचली. एकाही मेकॅनिकने एकाही नळीला हात लावला नाही.